उंबऱ्यावरचा प्रश्न

पिंपळे सौदागर आज ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ते एकेकाळी शेतकऱ्यांचं लहानसं गाव होतं हे सांगूनही खरं वाटणार नाही. पवना नदीच्या परिसरात बहुमजली इमारतींच्या रांगा, रस्त्यांवर दिवसभर वाहनांची वर्दळ, नोकरीसाठी देशभरातून आलेली तरुण कुटुंबं. पण महाराष्ट्रात माणसांच्या जगण्याचा शिस्तशीर अभ्यास कुठून सुरू झाला असं मला कोणी विचारलं, तर मी त्याला या गावात घेऊन जाईन. १९१७ साली 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' नावाचं पुस्तक निघालं, ते या पिंपळे सौदागरविषयी होतं. लेखक होते हॅरल्ड मान, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य.

मान मुळात रसायनशास्त्रातले. आसामातल्या चहाच्या मळ्यांसाठी त्यांनी काही वर्षं शास्त्रज्ञ म्हणून काम केलं आणि १९०७ साली ते पुण्यात आले. माती, खत, पाणी हे त्यांचे रोजचे विषय. पण माती कसणारा माणूस समजला नाही तर मातीच्या परीक्षणाचा उपयोग अर्धाच, हे त्यांच्या लवकर ध्यानात आलं असावं. इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यातल्या रिजमाँट या खेड्याची पाहणी त्यांनी आधीच केली होती, ती १९०४ साली छापली गेली. तिच्यामागे आदर्श होता सीबोम राउंट्री यांचा. राउंट्रींनी यॉर्क शहरातल्या कामगारांच्या घरोघरी चौकशी करून, जगायला किमान किती लागतं आणि हातात किती येतं याचा हिशेब १९०१ साली मांडला होता. यॉर्कच्या गल्ल्यांत तयार झालेली ही रीत रिजमाँटमार्गे पवनेच्या काठावर आली.

मान यांनी जुनी दप्तरं उघडली, शिवाराची पाहणी केली आणि कुटुंबांचा जमाखर्च विचारला. दप्तरांतून एक ठसठशीत गोष्ट पुढे आली. १७७१ साली या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षी, ती साडेसतरा एकर झाली होती. १९१४-१५ पर्यंत ती सातावर आली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांतले निम्म्याहून अधिक तुकडे एकराच्याही आतले होते. जमाखर्च मांडल्यावर दिसलं की गावातल्या निम्म्याहून जास्त कुटुंबांचं उत्पन्न त्यांच्याच साध्या राहणीला पुरत नव्हतं, आणि मधली तूट कर्ज भरून काढत होतं.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकांतही सापडते. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढच्याच वर्षी घडलं. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेतजमिनीच्या लहान तुकड्यांविषयी एक निबंध लिहिला. तेव्हा त्यांचं वय सत्तावीसच्या आसपास. तुकडे लहान आहेत, ते जोडा आणि मोठे करा, असा त्या काळच्या जाणकारांचा बहुतेक एकमुखी सल्ला होता. आंबेडकरांनी या सल्ल्याच्या मुळाशी असलेला प्रश्नच तपासायला घेतला. लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? बैल नाहीत, अवजारं नाहीत, भांडवल नाही, अशा माणसाला चार एकरही जास्त होतात. आणि साधनं असतील तर तीच चार एकर त्याला पोसू शकतात. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त हात बसून आहेत, ते हात उद्योगधंद्यांकडे वळल्याशिवाय नुसते तुकडे जोडून काही हाती लागणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९२७ साली मुंबई कायदे मंडळात छोट्या खातेदारांविषयीचं विधेयक आलं, तेव्हा त्यांनी याच भूमिकेवरून त्याला विरोध केला.

दुखणं एकच, तुकडे झालेली जमीन. इतरांनी विचारलं, तुकडा केवढा? आंबेडकरांनी विचारलं, तो कसणाऱ्याच्या हाती काय आहे? दोन प्रश्नांतून दोन वेगळे महाराष्ट्र दिसतात, आणि धोरणंही दोन वेगळी निघतात. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तकाची प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला, तो यासाठीच. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानवशास्त्र, इतिहास, साहित्याचा अभ्यास या वेगवेगळ्या खोल्या आहेत असं आपण समजतो, कारण विद्यापीठांत त्यांचे विभाग वेगळे आणि कपाटंही वेगळी. मला त्या सगळ्यांमागे एकच काम दिसत आलं आहे: माणसाला प्रश्न कसा विचारावा हे शिकणं, आणि उत्तर आपल्या रकान्यात मावलं नाही तर रकाना बदलण्याची तयारी ठेवणं.

पदवी झाल्यावर मी एका पाहणीत प्रश्नावल्या भरायचं काम केलं. शिरूर तालुक्यातलं गाव, चैत्र सरत आलेला. एका घराच्या पडवीत एक बाई कांद्याच्या ढिगापुढे बसून लहानमोठा कांदा वेगळा करत होत्या. घरातली माणसं, वयं, शिक्षण असं लिहीत लिहीत मी व्यवसायाच्या रकान्याशी आले आणि विचारलं, "मावशी, तुम्ही काय काम करता?" त्या हात न थांबवता म्हणाल्या, "काय न्हाय गं, घरीच असते मी." मी रकान्यात 'घरकाम' लिहिलं. आमच्या सूचनांप्रमाणे त्याचा अर्थ होता, काम न करणारी व्यक्ती. कांदे माझ्या डोळ्यांपुढे होते, तरीही मी तेच लिहिलं.

रात्री मुक्कामाच्या खोलीवर प्रश्नावल्या तपासताना तो रकाना मला टोचू लागला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या घरी गेले. "परत आलीस होय गं?" म्हणून त्यांनी पाणी दिलं. या वेळी मी प्रश्न फिरवला. "मावशी, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत ते सांगता का?" त्यांनी सांगितलं आणि माझ्या वहीचं पान भरून मागच्या बाजूलाही मजकूर गेला. शेणघाण, पाणी, भाकऱ्या, म्हशीची धार, दीराच्या वावरात खुरपणी, दुपारी भावकीतल्या लग्नाच्या पापडांना हातभार, मग कांदे, मग शेळीसाठी पाला, पुन्हा चूल. खुरपणीची मजुरी मिळाली का, असं विचारल्यावर त्या आश्चर्याने माझ्याकडे पाहत राहिल्या. घरच्या वावराची कसली मजुरी? त्या पानाला माझ्या प्रश्नावलीत कुठेही जागा नव्हती.

ही चूक एकट्या नवख्या मुलीची असती तर इथे सांगायचं कारण नव्हतं. तीच चूक देशाच्या पातळीवर घडलेली आहे. १९६१ च्या जनगणनेत काम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण सुमारे २८ टक्के होतं. १९७१ मध्ये ते निम्म्यावर आलं. दहा वर्षांत निम्म्या बायकांनी विळा-खुरपं खाली ठेवलं, असं काही झालेलं नव्हतं. बदलला होता प्रश्न. १९७१ मध्ये प्रत्येकाला आधी त्याचं मुख्य काम विचारलं गेलं, आणि बाईचं मुख्य काम घर, हे सांगणाऱ्यालाही पटत होतं आणि लिहून घेणाऱ्यालाही. शेतातलं, गोठ्यातलं, विडीच्या पानावरचं काम दुय्यम ठरून मागे पडलं. स्त्रियांच्या स्थितीचा शोध घेणारा 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हा अहवाल १९७४ साली आला, आणि त्यानंतर देशभरातल्या अभ्यासक स्त्रियांनी या मोजणीचा पाठपुरावा वर्षानुवर्षं केला. शेवटी प्रश्न पुन्हा बदलला. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची पाहणी झाली आणि २०१९ मध्ये ती पहिल्यांदा देशभर घेतली गेली. काम काय करता, असं न विचारता, काल दिवसभरात कुठल्या वेळी काय केलं, असं विचारलं गेलं. उत्तर आलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. पाच तास आणि दीड तास. हे पाच तास १९७१ मध्येही होतेच.

आकड्यांविषयी मला अढी नाही, हे स्पष्ट सांगते. उलट नव्या अभ्यासकांनी आकड्यांना बिचकू नये असं मला मनापासून वाटतं. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणशी दिवसाला २,२५० उष्मांक मिळावेत इतकं खाणं परवडायला, १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, असं त्यांनी काढलं. खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्के लोक या रेषेच्या खाली होते. दारिद्र्याबद्दल कळवळून बोलणारे तेव्हाही पुष्कळ होते. या दोघांनी त्या बोलण्याला माप दिलं, आणि मग सरकारला कानाडोळा करणं अवघड झालं. मात्र या मापातही एक पोटप्रश्न उरतोच. हे उष्मांक कुटुंबाच्या सरासरीवर काढलेले. कुटुंबात शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरतं, ते सरासरी सांगत नाही. ते पाहायला स्वयंपाकघरापर्यंत जावं लागतं, आणि तिथे नेणारी वाट बहुधा मानवशास्त्राची किंवा साहित्याची असते.

कागदांचंही तसंच. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड प्रसिद्ध केली. त्यासाठी ते गावोगाव फिरले, माळ्यांवरची दप्तरं उतरवली, वाळवीने अर्धवट खाल्लेले कागद जपून आणले. त्यांच्या कष्टांपुढे मान लवते. पण कागद कोणाचे होते? इनामदारांचे, देशमुखांचे, कुलकर्ण्यांचे, सावकारांचे. ज्यांच्याकडे हक्क होते, त्यांच्याकडे हक्काचे कागद होते. आजच्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद असते. ते पीक कोणी खुरपलं, याची नसते. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने कागदात काय आहे यासोबत हेही विचारावं, की हा कागद कशासाठी लिहिला गेला आणि कोणाला लिहिता येत नव्हतं म्हणून काय राहून गेलं.

जुना कागद मेलेला असतो, असंही कोणी समजू नये. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात गावोगावच्या दप्तरांत 'कुणबी' ही नोंद शोधली जात आहे. मोडी वाचणाऱ्यांना कचेऱ्यांत बोलावणं येत आहे. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने सवयीने लिहिलेल्या तीन अक्षरांवर आज एखाद्या घरातल्या मुलांचे प्रवेश आणि नोकऱ्या ठरतात. आरक्षणाच्या त्या वादात मी इथे शिरत नाही. मला फक्त इतकं दाखवायचं आहे की माणसांचं वर्गीकरण दगडाच्या वर्गीकरणासारखं नसतं. दगडाला आपल्याला बसाल्ट म्हटलेलं कळत नाही. माणसाला कळतं. तो ते नाव स्वीकारतो, नाकारतो, त्याच्याविरुद्ध लढतो, किंवा दीडशे वर्षांनी ते शोधत तहसील कचेरीत येतो.

आणि कधी कधी ते नाव त्याच्याभोवती तारेचं कुंपण होतं. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरात अशा लोकांना कुंपणाच्या आत ठेवलेली वसाहत होती. तिथे लोक तिला सेटलमेंट म्हणत. रोजची हजेरी, परवान्याशिवाय बाहेर पडायची बंदी. हा कायदा १९५२ साली गेला. तो कायदा उभा राहिला तो अभ्यासाच्या पायावर, हे आपल्याला विसरता येत नाही. कोणत्या जातीच्या चालीरीती काय, बोली कोणती, कसब कोणतं, याच्या याद्या अधिकाऱ्यांनी आणि जाणत्या लोकांनी मेहनतीने तयार केल्या होत्या. १९१५ साली 'गावगाडा' लिहिणारे त्रिंबक नारायण आत्रे यांचंही 'गुन्हेगार जाती' नावाचं पुस्तक आहे.

आत्र्यांविषयी थोडं थांबून लिहायला हवं, कारण 'गावगाडा' हे मराठीतलं मोठं पुस्तक आहे. महसूल खात्यातल्या नोकरीत गावं जवळून पाहिलेला हा लेखक. पाटील, कुलकर्णी, अलुते-बलुते, हक्क आणि मानपान, फिरस्ते, जत्रा, सावकार, सगळ्यांची घडी त्यांनी अशी उलगडली की गावकीतल्या शब्दांसाठी अभ्यासक आजही तेच पुस्तक उघडतात. कष्टकरी कुणब्याविषयीची त्यांची कळकळ पानोपानी जाणवते. बलुतं म्हणजे काय, कोणाला किती, कोणत्या कामाबद्दल, हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरीकडे क्वचितच मिळेल.

मग १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' हे आत्मकथन आलं. शब्द तोच. पण आत्र्यांच्या पुस्तकात बलुतं ही खळ्यावरून कोणाच्या तरी वाट्याला जाणारी गोष्ट आहे आणि पाहणारा खळ्याच्या मालकाच्या बाजूला उभा आहे. पवारांच्या पुस्तकात पाहणारा घेणाऱ्या हाताच्या मागे उभा आहे. त्या हाताला येसकराची काठी माहीत आहे, दारोदार मागून आणलेल्या भाकरीचा तुकडा माहीत आहे, आणि त्या तुकड्यासोबत येणारी मान खाली घालण्याची सवयही माहीत आहे. तसंच 'गुन्हेगार जाती'च्या पुढे १९८७ सालचं लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ठेवून पाहा. ज्या नावाने यादी केली होती तेच नाव लेखकाने पुस्तकाच्या कपाळावर लिहिलं, आणि पोलिसांचा मार खाणाऱ्या घरातून ती यादी कशी दिसते ते सांगितलं. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आत्मकथन हे साहित्य, त्याचा समाजशास्त्राशी काय संबंध, असं विचारणारे सहकारी मला भेटले आहेत. माझं उत्तर असं की 'गावगाडा' आणि 'बलुतं' एकाच टेबलावर उघडी ठेवून वाचल्याशिवाय महाराष्ट्रातलं गाव समजलं, असं कोणी म्हणू नये. आत्र्यांना व्यवस्था दिसली. तिचं वजन दिसलं नाही. वजन ज्याच्या खांद्यावर होतं, त्याच्याकडे ते सांगायला पोथी नव्हती, विद्यापीठ नव्हतं. शिक्षण हाती आल्यावर पहिल्याच पिढीने ते सांगितलं.

मोजणाऱ्याच्या मनात काय असतं, याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण जातीच्या अभ्यासात आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी हिंदुस्थानातल्या लोकांची नाकं मोजवली. नाक जितकं अरुंद तितकी जात वरची, असं त्यांना त्या मापांतून दिसलं. वंश म्हणजेच जात, हे त्यांचं उत्तर मोजणीआधी तयार होतं. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्यांनी नाकांकडे पाहिलं नाही, लग्नाकडे पाहिलं. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनावर, आणि ते बंधन टिकवायला विधवेचं आणि बालिकेचं आयुष्य आवळावं लागतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचा जातीशी इतका घट्ट सांधा त्याआधी क्वचितच कोणी जोडून दाखवला होता. मापाच्या पट्टीने जे दिसलं नाही ते घरातल्या नियमांकडे पाहिल्यावर दिसलं.

इरावती कर्व्यांची गोष्ट यापुढची आहे आणि जास्त गुंतागुंतीची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. इरावतीबाईंकडे काम आलं मानवी कवट्या मोजण्याचं. कवटीची असमानता आणि वंश यांचा संबंध तपासायचा होता. गुरूंना जे अपेक्षित होतं ते त्या मापांतून निघालं नाही, आणि इरावतीबाईंनी तसं लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, आपली पदवी ज्यांच्या हातात आहे त्यांच्या मताविरुद्ध. मला या प्रसंगाचा फार अभिमान वाटतो. आणि तरीही, पुढे डेक्कन कॉलेजात आल्यावर त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शरीरमापं घेतलीच. वि. म. दांडेकरांसोबत त्यांनी प्रसिद्ध केलेलं तसं पुस्तक १९५१ सालचं आहे. ज्या साधनाची मर्यादा आपणच दाखवली, ते साधनसुद्धा हातातून सहज सुटत नाही.

पण इरावतीबाई पट्टी घेऊन थांबल्या नाहीत, म्हणून त्या मोठ्या. नात्यांसाठी भारतभरच्या भाषांत कोणते शब्द आहेत ते त्यांनी गोळा केले. मराठी समाजात मामेबहिणीशी लग्न चालतं आणि आतेबहिणीशी अनेक ठिकाणी चालत नाही, उत्तरेत दोन्ही चालत नाहीत, दक्षिणेत दोन्ही चालतात. महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावर आहे हे त्यांनी अशा घरगुती तपशिलांतून दाखवलं. १९५३ सालचा त्यांचा नातेसंबंधांवरचा ग्रंथ आजही वाचला जातो. पंढरीच्या वाटेवर दिंडीत चालताना, एकाच विठ्ठलाचं नाव घेणाऱ्या बायका जातीप्रमाणे वेगळ्या चुलींवर स्वयंपाक करताना पाहून त्या अस्वस्थ झाल्या, आणि ती अस्वस्थता त्यांनी लेखात लपवली नाही. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी जाई निंबकरांसोबत कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली. कवटीपासून विस्थापितांच्या नव्या वसाहतीपर्यंतचा हा प्रवास एका माणसाच्या आयुष्यातला आहे.

दा. ध. कोसंबी तर गणिती. ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि खेडी पायी हिंडत. म्हसोबा, तुकाई, बोल्हाई यांची ठाणी, त्यांच्याजवळ सापडणारी अश्मयुगीन गारगोटीची हत्यारं आणि धनगरांच्या जुन्या वाटा, यांचा त्यांनी संबंध लावला. पोथीत न सापडणारा इतिहास शेंदराच्या थरांखाली आहे, हे त्यांना चालता चालता उमगलं. त्यांचे काही निष्कर्ष पुढे मागे पडले. पोथी आणि पायवाट एकत्र वाचण्याची त्यांची रीत टिकली.

आता ज्या कामाने मला स्वतःला सर्वांत जास्त शिकवलं, त्याबद्दल. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा करू लागले. पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात गोरगरिबांच्या संघटनेचं काम चालू होतं, त्यातून हे सुरू झालं. हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या जमल्या. पाहुण्याने सरळ प्रश्न विचारला तर जी बाई पदर तोंडाशी धरून गप्प राहते, तिने पहाटे जात्याच्या खुंट्याशी आईला, भावाला, सासरच्या जाचाला, विठ्ठलाला, आंबेडकरांना उद्देशून काय काय म्हटलं होतं, ते या संग्रहात आहे. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोचल्या तेव्हा पहाटेचं जातं थांबलं. बायकांचा एक कष्ट वाचला, आणि त्याबरोबर ओवीची वेळही गेली. ज्यांनी हे काम वेळेवर केलं त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

त्यातही मला शिकण्यासारखं वाटतं ते त्यांचं नोंदी ठेवणं. ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, तालुका. लोकसाहित्य म्हणजे कोणाचंच नसलेलं, अशी आपली जुनी समजूत. इथे प्रत्येक ओवीला मुख आहे. एकच ओवी दहा गावांत दहा जणींनी म्हटली तर दहाही नोंदी ठेवायच्या, कारण मुळशीतली बाई जिथे 'भाऊ' म्हणते तिथे दुसरीकडची 'बाळ' म्हणू शकते, आणि त्या एका शब्दात तिचं आयुष्य वेगळं होऊ शकतं. अर्थात ओवी म्हणजे साक्ष नव्हे. ओवीचे ठरलेले साचे असतात, सुखी माहेराचं वर्णन करणारीला माहेर नसूही शकतं. हे ओळखायला काव्याचा अभ्यास लागतो. जाच कोणत्या घरांत जास्त आणि का, हे ओळखायला समाजाचा. एकीकडचा अभ्यासक दुसरीकडे न डोकावता हा संग्रह वाचेल, तर त्याच्या हाती फार थोडं लागेल.

प्रस्तुत पुस्तकात पाहणी, मुलाखत, नमुना निवड, दप्तरांचं वाचन, संहितेचं वाचन, अशी स्वतंत्र प्रकरणं आहेत. ती क्रमानेच वाचावीत असा माझा आग्रह नाही. मुलाखतीवरचं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. माहिती देणाऱ्याची संमती कशी घ्यावी, नावं कधी लपवावीत आणि कधी मुद्दाम द्यावीत, अभ्यास पुरा झाल्यावर तो गावाला परत कसा सांगावा, हा भाग मराठीत इतक्या तपशिलाने मी पहिल्यांदाच वाचला. परिभाषेच्या बाबतीतही लेखकांनी शहाणपणाचा मार्ग धरला आहे. जिथे लोकांच्या तोंडी शब्द आहे तिथे तो घेतला आहे: भावकी, वाटणी, पैरा, उचल, वाटा, बिगारी. ऊसतोड मजुराची 'उचल' म्हणजे आगाऊ रक्कम, एवढं लिहून भागत नाही. त्या शब्दात मुकादम आहे, दिवाळीनंतरचं निघणं आहे आणि फिटत नाही म्हणून पुढच्या हंगामाला पुन्हा जाणंही आहे.

शेवटी दिलेल्या स्वाध्यायांपैकी पहिला आळसाने सोडू नये, एवढं मात्र सांगते. आपल्याच घरातल्या किंवा शेजारच्या एका स्त्रीला तिचा कालचा दिवस उठल्यापासून निजेपर्यंत विचारायचा आणि तिच्याच शब्दांत उतरवायचा. तिला मधे अडवायचं नाही, 'म्हणजे मुख्यतः काय' असं विचारायचं नाही. मग जनगणनेच्या प्रश्नावलीतला कामाचा रकाना समोर घ्यायचा आणि त्या पानावरून तो भरायचा. जे रकान्यात मावलं नाही ते खाली वेगळं लिहायचं, आणि सगळं लिहून झाल्यावर दोन्ही कागद तिला वाचून दाखवायचे.